३०४, हॉलोवे रोडचा जो

सॅटेलाइट कम्युनिकेशनचं लेक्चर दुपारी दोनला असतं. मेसची खिचडी-कढी पोटात, डोक्यावर पंखा, आणि समोर लिंक बजेटची गणितं. अशा वेळी मागच्या दोन बाकांवर काय चालतं ते सांगायला नको. त्या दिवशी सरांनी टेलस्टारचं नाव घेतलं. १० जुलै १९६२ ला अमेरिकेतून सोडलेला, सुमारे ७७ किलोचा, गोल चेंडूसारखा उपग्रह. अटलांटिक महासागराच्या पलीकडे लाइव्ह टीव्हीचं चित्र पहिल्यांदा त्याच्यामार्फत गेलं. ओरलला विचारतात, लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं. मग फळा पुसता पुसता सर सहज बोलून गेले की त्याच वर्षी या उपग्रहाच्या नावाची एक ट्यून इंग्लंड-अमेरिकेत एक नंबरला गेली होती, आणि ती कुठल्या मोठ्या स्टुडिओत नाही, तर एका माणसाच्या भाड्याच्या घरात रेकॉर्ड झाली होती.

मी खडबडून जागा झालो. कारण त्याच आठवड्यात आमच्या रूममध्ये एका माइकवरून महाभारत चालू होतं.

त्याचं असं झालं. आमच्या विंगमध्ये एक बुवा आहे. खरं नाव वेगळं, पण घरात तीन पिढ्यांचं भजन, त्यामुळे फर्स्ट इयरपासून तो बुवाच. आवाज असा की रात्री गॅलरीत गुणगुणला तरी समोरच्या विंगमधले दिवे बंद करून ऐकत बसतात. त्याने स्वतः रचलेलं एक गाणं होतं. ते नीट रेकॉर्ड करायचं असं ठरलं. सहा जणांनी प्रत्येकी पाचशे काढले. तीन हजार रुपये. आता त्यात माइक कोणता घ्यायचा, यावर सहा जणांची सात मतं होती.

त्या रात्री मी सरांनी सांगितलेल्या माणसाला शोधायला बसलो. त्याचं नाव जो मीक. पहाटे तीनपर्यंत वाचत होतो. दुसऱ्या दिवशी डीएसपीची टेस्ट होती, तिचं काय झालं ते विचारू नका. पण हा माणूस तेव्हापासून डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

जो मीकचा जन्म ५ एप्रिल १९२९ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या न्यूएंट नावाच्या छोट्या गावातला. शेतीवाडीचा भाग. बाकीची मुलं मैदानात असताना हा घरामागच्या शेडमध्ये. मोडके रेडिओ, व्हॉल्व्ह, वायरी, जे मिळेल ते मागून आणायचं आणि जोडायचं. आपल्या वर्गात असे दोन-तीन जण असतातच, ज्यांच्या खिशात नेहमी एखादा रेझिस्टर सापडतो. जो त्यातला. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत तो हवाई दलात रडार टेक्निशियन झाला. आकाशात काय चाललंय हे पडद्यावर बघण्याचा नाद तिथे लागला. अंतराळाचं वेड त्याला आयुष्यभर पुरलं.

सैन्यातून सुटल्यावर काही काळ तो वीज मंडळात नोकरीला होता. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी डिप्लोमावाल्यांसारखंच. पण जीव आवाजात. रेकॉर्ड कापायचं यंत्र त्याने मिळवलं आणि स्वतःच रेकॉर्ड बनवायला लागला. तिथून तो लंडनला गेला आणि रेडिओचे कार्यक्रम व गाणी रेकॉर्ड करणाऱ्या एका स्टुडिओत साउंड इंजिनीअर झाला.

त्या काळचे स्टुडिओ कसे होते हे समजून घ्यायला हवं, नाहीतर जोची गंमत कळणार नाही. मोठ्या कंपन्यांत इंजिनीअर लोक कडक शिस्तीत काम करायचे. माइक वाद्यापासून किती लांब ठेवायचा याचे नियम. मीटरचा काटा लाल भागात गेला तर गुन्हा. इंजिनीअरचं काम एकच, खोलीत जसं वाजतंय तसं टेपवर उतरवणं. जोला हे मान्यच नव्हतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की रेकॉर्ड ही वेगळीच चीज आहे. ती कानाला भन्नाट लागली पाहिजे, मग काटा कुठेही जाऊ दे.

१९५६ मध्ये हम्फ्री लिटल्टन या जाझ ट्रम्पेटवाल्याची ‘बॅड पेनी ब्लूज’ नावाची रेकॉर्ड त्याच्या हाताखालून गेली. जोने पियानोचा खालचा भाग असा दाबून, पुढे आणून ठेवला की तो नुसता धडधडतो. लिटल्टनला ते आधी रुचलं नाही. पण रेकॉर्ड चालली, जोरात चालली.

जोने हे केलं ते कॉम्प्रेसरने. ई अँड टीसीवाल्यांनी घाबरू नये, हा आपल्या रिसीव्हरमधल्या एजीसीचाच भाऊ. आवाज मोठा झाला की गेन आपोआप खाली. त्यामुळे मोठं आणि बारीक यातलं अंतर कमी होतं आणि सगळं मिळून पुढे आणता येतं. आज मोबाइलवरचं प्रत्येक गाणं यातून गेलेलं असतं. तेव्हा जो असली यंत्रं घरी बसून स्वतः सोल्डर करायचा आणि आत काय आहे ते कोणाला दाखवायचा नाही.

पण नोकरीत त्याचं कोणाशी पटेना. स्वभाव तापट. कौतुक केलं तर जीव देईल, जरा टोकलं तर दिवसभर बोलणार नाही. लॅन्सडाउन नावाचा एक स्टुडिओ उभा करायला त्याने मदत केली, तिथूनही १९५९ मध्ये बाहेर पडला. १९६० मध्ये ट्रायम्फ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी भागीदारीत काढली. त्यांचं ‘अँजेला जोन्स’ हे गाणं पहिल्या दहांत गेलं, आणि तिथेच घोटाळा झाला. दुकानात गिऱ्हाईक उभं, पण छोट्या कंपनीला तेवढ्या रेकॉर्ड दाबून मिळेनात. हातातलं यश मालाअभावी गेलं. वर्षाच्या आतच जो तिथूनही बाहेर.

आता त्याच्याकडे नोकरी नाही, कंपनी नाही. मग मेजर बँक्स नावाच्या एका व्यापाऱ्याने पैसा घातला आणि जोने लंडनच्या उत्तर भागात, हॉलोवे रोडवर ३०४ नंबरची जागा भाड्याने घेतली. खाली चामड्याच्या बॅगांचं दुकान, वर तीन मजले. खाली गजबजलेला रस्ता, दिवसभर लॉऱ्यांचा आवाज. कोणताही शहाणा माणूस इथे स्टुडिओ काढणार नाही.

जोने काढला. एका खोलीत वादक बसायचे, शेजारच्या खोलीत यंत्रं. जमिनीवर वायरींचं जंगल. गायकाला कधी पडद्यामागे उभं करायचं, कधी बाथरूममध्ये, कारण फरशीच्या बाथरूममध्ये आवाज छान घुमतो. हे तर आपल्या हॉस्टेलमधल्या प्रत्येक बाथरूम-सिंगरला माहीत आहे. जास्त माणसं असली तर व्हायोलिनवाले जिन्यात. जुन्या हीटरमधली स्प्रिंग काढून त्याने रिव्हर्बचं यंत्र केलं होतं, अशी आठवण सांगितली जाते. स्प्रिंगच्या एका टोकाला आवाज द्यायचा, दुसऱ्या टोकाला तो हेलकावे खात पोचतो, तो उचलायचा. बेस गिटारसमोर माइक ठेवण्याऐवजी ती वायरने थेट यंत्रात जोडायची, ड्रमच्या अगदी अंगावर माइक आणायचा, ड्रममध्ये घोंगडी कोंबायची. आज यातलं काही नवीन वाटणार नाही. तेव्हा ही सगळी थेरं होती.

इथे मला आमचं महाभारत आठवतं. सहापैकी चौघांना मोठा, सोनेरी जाळीचा कंडेन्सर माइक हवा होता. कारण व्हिडिओत सगळ्या गायकांसमोर तोच असतो. एका दुकानात तसा दिसणारा अगदी स्वस्तात मिळाला, स्टँडसकट. आणून बोललो तर डब्यातून बोलल्यासारखं. शेवटी उघडला. एवढ्या मोठ्या धडाच्या आत शेंगदाण्याएवढं इलेक्ट्रेट कॅप्सूल, हेडफोनच्या वायरीत असतं तसलंच. बाकी पोकळी. दुकानदाराने परत घेतला नाही. अठराशे रुपये गेले, आणि वर मेसमध्ये आठवडाभर टिंगल.

मग मी जोकडून शिकायचं ठरवलं. त्याच्याकडे यंत्रं मोजकी होती. एक मोनो टेपरेकॉर्डर, एक दोन ट्रॅकचा. पण गाणाऱ्याच्या तोंडासमोर मात्र नॉयमनचा भारी जर्मन कंडेन्सर. ड्रमसारख्या दणकट वाद्यांसमोर साधे डायनॅमिक माइक. म्हणजे हा माणूस कंजूष नव्हता आणि उधळ्याही नव्हता. पैसा कुठे लावायचा आणि कुठे डोकं लावून भागवायचं, हे त्याला कळत होतं.

आमच्या बाबतीत तो हिशेब वेगळा निघाला. कंडेन्सर माइक म्हणजे पहिल्या वर्षाच्या फिजिक्समधला पॅरलल प्लेट कपॅसिटर. एक प्लेट पातळ पडद्याची, ती हलली की कपॅसिटन्स बदलतो. पडदा हलका, म्हणून बारीकसारीक सगळं उचलतो. त्याला बहुतेक वेळा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. डायनॅमिक माइक म्हणजे उलटा स्पीकर, चुंबकात हलणारी कॉइल. त्याला पुरवठा लागत नाही, मार खातो, पण आवाज बारीक देतो, म्हणून पुढे चांगला प्रीअँप हवा. शांत आणि नीट केलेल्या खोलीत कंडेन्सर राजा. आमच्या रूममध्ये मेसचा एक्झॉस्ट, पंख्याची कटकट, खालची कुत्री आणि वरच्या मजल्यावरचं क्रिकेट. तो हे सगळं मोठ्या प्रेमाने रेकॉर्ड करणार. मग आम्ही गॅदरिंगच्या साउंडवाल्या काकांकडून एक जुना, पोचे पडलेला डायनॅमिक माइक घेतला. सीनियरचा वापरून झालेला दोन चॅनेलचा इंटरफेस उसना मिळाला. बंद कपाचे हेडफोन एकाकडे होतेच. उघड्या कपाचे घेऊ नका, त्यातला ठेका बाहेर येतो आणि माइकमध्ये शिरतो.

आणि सगळ्यात मोठी सुधारणा झाली ती फुकटात. तीन कॉटवरच्या गाद्या उभ्या केल्या, बुवाला मध्ये उभं केलं, आणि माइक तोंडाच्या जवळ आणला. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डीबीने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. जोने ड्रमच्या अंगावर माइक का नेला, ते तेव्हा हाताला कळलं. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो आणि प-फ चा फुगा फुटतो, म्हणून माइक जरा तिरका धरायचा. जुन्या मोज्याचं कापड तारेच्या कड्यावर ताणून बसवलं की झाला पॉप फिल्टर. फक्त मोजा धुतलेला असावा, हा अनुभवाचा सल्ला.

असो. जोकडे परत येऊ.

जोच्या बाबतीत सगळ्यात अजब गोष्ट ही की त्याला संगीत लिहिता-वाचता येत नव्हतं, वाद्य वाजवता येत नव्हतं, आणि सुरात गाताही येत नव्हतं. चाल डोक्यात यायची. मग हा पठ्ठ्या कुठल्यातरी दुसऱ्याच गाण्याच्या ठेक्यावर बेसूर आवाजात ती चाल गाऊन टेप करायचा, आणि तेवढ्यावरून वादकांनी समजून घ्यायचं. अशा बेसूर टेपमधून खरी चाल शोधून काढणारे मित्र त्याच्याजवळ होते. त्यातला मोठा म्हणजे जेफ गॉडर्ड, शिकलेला पियानोवादक. गॉडर्डनेच लिहिलेलं ‘जॉनी रिमेंबर मी’ हे गाणं जॉन लेटनच्या आवाजात १९६१ मध्ये इंग्लंडात एक नंबरला गेलं. बॅगांच्या दुकानाच्या माडीवरून.

मग आलं १९६२. जुलैमध्ये टेलस्टार आकाशात गेला. जो टीव्हीसमोर बसून ते चित्र बघत राहिला आणि त्याला चाल सुचली. टॉर्नेडोज नावाचं वादकांचं टोळकं त्याने बोलावलं. ते दुसऱ्या एका गायकाच्या साथीला समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात रोज कार्यक्रम करत होते. मधल्या सुट्टीत लंडनला आले, ठेका आणि गिटारचा पाया वाजवला, आणि पूर्ण व्हायच्या आधीच परत पळाले. मुख्य चाल नंतर गॉडर्डने क्लाव्हायोलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर वाजवली. हे वाद्य आपल्याला अनोळखी नाही. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन कल्याणजींनी याच क्लाव्हायोलिनवर वाजवली होती. एका देशात त्यातून नाग निघाला, दुसऱ्यात उपग्रह!

दोन टेपरेकॉर्डरवर हे होतं कसं? आधी पाया एका टेपवर. मग ती टेप वाजवत ठेवायची, त्याबरोबर चाल वाजवायची, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर घ्यायचं. अजून काही घालायचं तर पुन्हा तसंच उलट. प्रत्येक फेरीत टेपची खरखर वाढते. सारख्या पॉवरचे दोन नॉइज मिळाले की ३ डीबी वाढ, हे आपण पेपरात लिहितो, जो ते कानाने झेलत होता. शिवाय अनडू नाही. शेवटच्या फेरीत चुकलं तर आधीचं सगळं पुन्हा. आमच्या लॅपटॉपमध्ये फुकटच्या सॉफ्टवेअरवर हवे तेवढे ट्रॅक मिळतात, आणि आम्ही म्हणतो इक्विपमेंट नाही म्हणून होत नाही.

‘टेलस्टार’ ऑगस्टमध्ये बाजारात आली. इंग्लंडमध्ये पाच आठवडे एक नंबर. डिसेंबरमध्ये अमेरिकेतही एक नंबर, तीन आठवडे. अमेरिकेच्या यादीत वर पोचलेला तो पहिला ब्रिटिश वाद्यवृंद. बीटल्सच्या आधी! उपग्रह टेलस्टार मात्र फार जगला नाही. तो सुटण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने अवकाशात अणुबॉम्बची चाचणी केली होती, त्या किरणोत्साराने त्याचे ट्रान्झिस्टर खराब झाले. फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गप्प झाला. अजूनही पृथ्वीभोवती फिरतोय, मुका.

इथपर्यंतची गोष्ट मी रूमवर सगळ्यांना मोठ्या हौशीने सांगितली होती. पुढची बरेच दिवस सांगितली नाही.

‘टेलस्टार’चा पैसा जोला मिळालाच नाही. जाँ लेद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने दावा लावला की ही चाल १९६० च्या ‘ऑस्टरलिट्झ’ चित्रपटातल्या त्याच्या धूनवरून उचलली आहे. खटला चालू, तोवर रॉयल्टी अडकलेली. जगभर ट्यून वाजतेय आणि ती बनवणारा उधारीत. त्यात १९६३ मध्ये त्याला पोलिसांनी पकडलं. जो समलिंगी होता, आणि इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. दंड फक्त पंधरा पौंड झाला, पण नाव पेपरात आलं. त्यानंतर ब्लॅकमेल करणारे मागे लागले. आपल्याकडे कायद्यातली ती गोष्ट ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत तशीच होती, त्यामुळे त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

तरीही तो काम करत राहिला. १९६४ मध्ये हनीकोम्ब्स या बँडचं ‘हॅव आय द राइट’ पुन्हा एक नंबरला गेलं. ठेका अजून दणदणीत हवा म्हणून त्याने बँडच्या लोकांना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले, आणि कठड्याला सायकलच्या क्लिपांनी माइक बांधून ते रेकॉर्ड केलं. हा जिना वाचून आम्हीही आमच्या विंगच्या जिन्यात गेलो. रात्री साडेअकराला पहिल्या मजल्यावर बुवा, तिसऱ्या मजल्यावर माइक. काय घुमला आवाज, वा! तिसऱ्या टेकला रेक्टर सर वर आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, नोटीस बोर्डावर होतंच.

जोच्या घरमालकीणबाई, व्हायोलेट शेंटन, खालच्या दुकानातून झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या, अशी गोष्ट सांगतात. उत्तर म्हणून जो जिन्यात स्पीकर लावून आवाज अजून वाढवायचा. वाचताना हसू येतं. शेवट माहीत झाल्यावर येत नाही.

कारण जो हळूहळू आत आत जात होता. ‘हॅव आय द राइट’च्या चालीवरून जेफ गॉडर्डशी वाद झाला, गोष्ट कोर्टापर्यंत गेली आणि मैत्री तुटली. ज्याला त्याचं बेसूर गाणं कळत होतं, तोच गेला. मोठ्या कंपन्या माझी गुपितं चोरतात, भिंतींमध्ये माइक लपवलेत, असं जोला वाटायला लागलं. काही लोक खरंच त्याची नक्कल करत होते, त्यामुळे भीती खरी कुठे संपते आणि खोटी कुठे सुरू होते ते त्याला कळेना. गोळ्या, जागरणं, दारं बंद. बाहेर बीटल्सचं युग आलं होतं, गाणी चालेनात, देणी वाढली. हा आत एकटा, रात्रभर यंत्रांपुढे.

३ फेब्रुवारी १९६७ ला सकाळी व्हायोलेट शेंटन वर आल्या. त्या परत खाली जिवंत गेल्या नाहीत. जोच्या हातून त्या मारल्या गेल्या, आणि लगेच त्याने स्वतःलाही संपवलं. वय सदतीस. गुणी कलावंताच्या गोष्टीत त्या बाईंचं नाव पुष्कळदा एका ओळीत उरकतात. त्यांची चूक एवढीच की त्या त्या घराच्या मालकीण होत्या. मला ते मागे टाकून पुढे लिहिता येत नाही.

खटल्याचा निकाल नंतर जोच्याच बाजूने लागला. अडकलेला पैसा मोकळा झाला, घेणारा नव्हता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा इंग्लंडातला कायदा त्याच वर्षी जुलैमध्ये बदलला. म्हणजे अजून काही महिने त्याला कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं.

आता माझी गोष्ट. ही लिहू की नको असा विचार केला, पण लिहितोच.

गाणं रेकॉर्ड झाल्यावर मिक्सिंग माझ्याकडे होतं. मी तीन आठवडे हेडफोन घालून बसलो. एकाच ओळीवर रात्रभर. लेक्चर बुडवली, मेस बुडवली. बुवा म्हणाला की पहिलाच टेक चांगला होता, जरा कच्चा होता पण जिवंत होता, तोच ठेव. मला राग आला. मी त्याला बोललो की तुला त्यातलं काही कळत नाही, आणि अजूनही काही बोललो. तो गेला. त्यानंतर बारा दिवस आम्ही बोललो नाही. मला तर असं वाटायला लागलं होतं की बाकीचे पाच जण मेसमध्ये माझ्याच विषयी बोलतात. खरं तर ते सबमिशनचं बोलत होते.

अशा एका रात्री, मिक्सिंगमधून ब्रेक म्हणून, मी जोचा शेवटचा भाग वाचला. वाचून झाल्यावर रूममध्ये खूप शांत वाटलं. तीन गाद्या अजून भिंतीला उभ्या होत्या. त्यातली एक बुवाची होती. म्हणजे बारा दिवस तो नुसत्या चादरीवर झोपत होता आणि त्याने गादी परत मागितली नव्हती.

मी गादी डोक्यावर घेतली आणि त्याच्या रूमवर गेलो. रात्रीचे अडीच. दार वाजवलं. त्याने उघडलं, माझ्याकडे बघितलं, गादीकडे बघितलं, आणि विचारलं की चहा प्यायला जायचं का. स्टँडवरची टपरी चालू असते तेवढ्या वेळी. जाऊन आलो. माफी वगैरे मागायची होती, ती बन-मस्क्यातच झाली.

गाणं शेवटी पहिल्या टेकचंच ठेवलं. तिसऱ्या ओळीत मागे कुत्रं भुंकतं, ते जात नाही. जाऊ दे.

जो मीकच्या मृत्यूनंतर त्याच्या घरातून सदुसष्ट चहाची खोकी भरून टेपा निघाल्या. क्लिफ कूपर या तरुण संगीतकाराने त्या तीनशे पौंडांना घेतल्या आणि अनेक दशकं जपल्या. २०२० मध्ये त्या एका रेकॉर्ड कंपनीने घेतल्या. त्याच्याकडे कोरसमध्ये गायलेल्या टेड फ्लेचर या माणसाने पुढे १९९० च्या दशकात जोच्या पद्धतीचे हिरव्या रंगाचे कॉम्प्रेसर बनवले आणि त्यांना नाव दिलं जोमीक. २०१४ मध्ये इंग्लंडच्या एनएमई या संगीत साप्ताहिकाने त्याला आजवरचा सर्वांत मोठा प्रोड्यूसर म्हटलं. ज्याला जिवंतपणी कोणी आपलं म्हटलं नाही, त्याच्या नावाचं यंत्र लोक हौसेने विकत घेतात.

मित्रांनो, हा लेख मी खरं तर स्वस्तातलं रेकॉर्डिंगचं सामान कसं निवडायचं यावर लिहिणार होतो. ते थोडक्यात असं: आधी खोली बघा, मग आवाज, मग माइक. गोंगाट असेल तर डायनॅमिक, शांत असेल तर खरा कंडेन्सर, आणि उघडून दाखवणार नाही त्या दुकानातून घेऊ नका. इंटरफेस जुना चालतो. हेडफोन बंद कपाचे. गाद्या तुमच्याकडे आहेतच. पण त्या गाद्या ज्यांच्या आहेत, त्यांना वेळेवर परत करा. आणि तुमच्या विंगमध्ये एखादं दार बरेच दिवस बंद दिसत असेल, तर ठोठवा. रेक्टर ऑफिसबाहेर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबरही लावलेला आहे, पण आधी चहाला चल म्हणायला नंबर लागत नाही.

बुवाचं गाणं यंदाच्या गॅदरिंगला ऐकवणार आहोत. तिसऱ्या ओळीतल्या कुत्र्यालाही टाळ्या द्या.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी